गुडघ्याच्या हाडावर पीएचडी करायची आहे? विदर्भातल्या पोरापोरींसाठी सगळं सविस्तर

एमएस्सी झाली आहे, किंवा फिजिओथेरपी, फार्मसी, व्हेटर्नरी, मेकॅनिकल असं काही झालं आहे, पीएचडी करायचं मनात आहे पण विषय ठरत नाही, अशा आपल्या भागातल्या पोरापोरींसाठी हे लिहून राहिलो. विषय आहे ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे सांध्यांची झीज, आणि त्यातही हाडात काय बदल होतात ते. पुष्कळांना वाटते की हा म्हातारपणाचा आजार, यात संशोधन काय करायचं, गोळी खा अन् मलम चोळा. पण २०२० साली जगात साधारण ५९ कोटी ५० लाख लोकांना हा आजार होता असा अंदाज आहे, आणि झीज थांबवते म्हणून अमेरिका-युरोपच्या औषध नियामकांनी मान्य केलेलं एकही औषध अजून नाही. दुखणं कमी करायचं, वजन उतरवायचं, मांडीचे स्नायू मजबूत करायचे, आणि शेवटी सांधा बदलायचा, एवढंच डॉक्टरच्या हातात आहे. म्हणजे काम भरपूर शिल्लक आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. या विषयातले चांगले प्रश्न आपल्याच जिल्ह्यांत पडून आहेत, मोजायची पद्धत तेवढी बाहेर जाऊन शिकून यायची. बरेचजण उलटं करतात, गाइडकडे उरलेला कोणता तरी विषय घेतात आणि मग पाच वर्षं त्यात जीव लागत नाही.

आधी हाडाचं काय ते समजून घ्या

सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चा, म्हणजे कार्टिलेजचं गुळगुळीत आवरण, असते आणि तिच्या लगेच खाली जो हाडाचा थर असतो त्याला सबकाँड्रल बोन म्हणतात. कितीतरी वर्षं सगळ्यांचं लक्ष कूर्चेवरच होतं, कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते, संपला विषय. रॅडिन आणि रोझ यांनी १९८६ मध्ये वेगळं मांडलं की खालचं हाड आधी कडक होऊ शकते आणि त्यामुळे वरच्या कूर्चेवर ताण पडून ती फाटते. आधी कूर्चा की आधी हाड, हा वाद आजही पूर्ण मिटला नाही, आणि पीएचडी करणाऱ्यासाठी असा न मिटलेला वाद फार कामाचा असतो.

हाडात दिसणारे बदल साधारण चार. कडेला नवीन हाड वाढते, म्हणजे ऑस्टिओफाइट. कूर्चेखालचं हाड दाट होते, म्हणजे स्क्लेरोसिस. हाडात पोकळ्या होतात, म्हणजे सिस्ट. आणि एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात डाग दिसतात, त्याला बोन मॅरो लीजन म्हणतात. हे चौथं साध्या एक्सरेत दिसत नाही. २००१ मध्ये फेल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांचा गुडघा दुखतो त्यांच्यात हे डाग न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त सापडतात. मग साहजिक सगळ्यांना वाटलं की हाडावरचं औषध द्या, डाग जातील, झीज थांबेल. ऑस्ट्रेलियात २२३ लोकांवर झोलेड्रॉनिक ॲसिडची मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला, दोन वर्षांनी कूर्चेच्या घटीत औषधवाल्यांत आणि बिनऔषधवाल्यांत लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता. मला यातून एवढंच दिसते की कोणाच्या हाडात, कोणत्या टप्प्यावर, काय बिघडते हे अजून नीट वेगळं करता आलेलं नाही, सगळ्यांना एकाच डब्यात टाकून औषध देऊन राहिले.

एक्सरेची भाषा मात्र आधी शिकून घ्या. केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ ची ग्रेडिंग, शून्य म्हणजे झीज नाही ते चार म्हणजे खूप झीज, अजूनही सगळीकडे चालते. आणि गुडघ्याचा एक्सरे उभ्यानेच काढलेला पाहिजे, पेशंटला झोपवून काढला तर सांध्यातली फट आहे त्यापेक्षा रुंद दिसते आणि ग्रेड चुकते. तालुक्याच्या ठिकाणचे जुने एक्सरे गोळा करून थिसिस करायचा विचार असेल तर हे पहिले तपासा, नाहीतर सगळा डेटा वाया.

आपल्याकडचे प्रश्न

पहिला प्रश्न कामाचा. निंदण, सोयाबीनची सोंगणी, भाजीपाल्याची तोडणी, हे सगळं उकिडवं बसून किंवा वाकून. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तसं वजन वाढत जाते. भंडारा-गोंदियाकडे रोवणीला बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात १९९१ मध्येच दिसलं होतं की कामात गुडघे वाकवणं आणि वजन उचलणं जास्त असणाऱ्या पुरुषांत गुडघ्याची झीज जास्त, आणि २००४ मध्ये बीजिंगच्या अभ्यासात तरुणपणी फार वेळ उकिडवं बसणाऱ्यांमध्ये म्हातारपणी झीज जास्त आढळली. आपल्याकडे २०१६ च्या एका अभ्यासात गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण २८.७ टक्के निघालं. पण कापसाच्या पट्ट्यातल्या आणि धानाच्या पट्ट्यातल्या बाईच्या गुडघ्यात फरक आहे का, कोणत्या कामाने गुडघ्याचा कोणता भाग झिजते, हे नीट मोजायला कोणी बसत नाही. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीचं सर्वेक्षण झालं, कॉपकॉर्ड नावाच्या पद्धतीने, आणि ते आजही जगभर सांगितलं जाते. ती पद्धत आपल्या एखाद्या तालुक्यात वापरायला कोणाची हरकत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. गुडघ्याच्या त्रासासाठी वोमॅक नावाची प्रश्नावली जगभर वापरतात, २४ प्रश्न असतात, त्यात जिना चढणं, कारमध्ये चढणं-उतरणं, बाथटबमध्ये जाणं असले प्रश्न आहेत. गावात बसून एखाद्या आजीला विचारा की गाडीतून उतरताना गुडघा दुखते का. ती म्हणते, "कोणती गाडी बाप्पा, आमी त पायीच जातो वावरात." मग तिला विचारा की निंदायला बसल्यावर उठता येते का, चुलीपुढून उठताना कशाचा आधार घ्या लागते, डोक्यावर गुंड घेऊन बांध चढता येते का, संडासला बसणं जमते का. मग ती अर्धा तास बोलते आणि त्यात तुमचा सगळा डेटा असते. आपल्या भागातल्या बोलीत, आपल्या कामांवर आधारलेली प्रश्नावली तयार करून ती शास्त्रीय पद्धतीने तपासणं, हा फिजिओथेरपी किंवा कम्युनिटी मेडिसिनवाल्यांसाठी एका पीएचडीला पुरेल एवढा विषय आहे. वोमॅकला लायसन्स लागते, कूस नावाची दुसरी प्रश्नावली फुकट वापरता येते, तिथून सुरुवात करा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त दीड. त्याच्या वर वर्षानुवर्षं पीत राहिलं की हाड दाट होते, स्नायूबंधांवर कॅल्शियम चढते, पाठ आणि सांधे आखडतात. भारतात हे पहिल्यांदा १९३७ मध्ये नेल्लोर भागातून नोंदवलं गेलं. आता प्रश्न असा की अशा गावात एखाद्याचा गुडघा दुखते, एक्सरेत हाड दाट दिसते, कडेला वाढ दिसते, तर हे वयाचं की कामाचं की पाण्याचं? नुसत्या गुडघ्याच्या एक्सरेवर सांगता येत नाही. सोबत कोपराखालच्या हाताचा एक्सरे काढा, तिथल्या दोन हाडांमधल्या पडद्यात कॅल्शियम जमलेलं दिसलं तर ती फ्लोरोसिसची पक्की खूण समजतात, आणि लघवीतलं फ्लोराइड तपासा. दोन गावं घ्यायची, एक जास्त फ्लोराइडचं आणि एक कमीचं, काम आणि वय सारखं, आणि मग हाडातला फरक मोजायचा. अभ्यासाची आखणी एवढी साधी आहे, पण दोन्ही गावांत लोक तुम्हाला दारात उभं करतील का, हे महत्त्वाचं, आणि तिथेच गावच्या पोराचा फायदा आहे.

तिसरा प्रश्न सिकलसेलचा, आणि हा मला सगळ्यात जास्त टोचते. आपल्याकडे, खास करून पूर्व विदर्भात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर आहे. या आजारात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, तो भाग मरते, नंतर खचते आणि पंचविशीतल्या पोराला म्हाताऱ्याच्या खुब्यासारखी झीज होते. साध्या एक्सरेत हे उशिरा दिसते, एमआरआयमध्ये लवकर. कोणाचं हाड खचेल आणि कोणाचं नाही, हे आधी ओळखता येईल का, यावर काम करणारं माणूस आपल्यातूनच यायला पाहिजे. राष्ट्रीय सिकलसेल मिशन २०२३ मध्ये सुरू झालं, चंद्रपूरला आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, याच गटातल्या रक्ताच्या आजारांवरचं केंद्र आहे, तपासणी झालेल्या लोकांच्या याद्या आरोग्य खात्याकडे असतात. परवानगी घेऊन त्यातून अभ्यास उभा राहू शकते.

कोणी कुठे जावं

लाइफ सायन्स, बायोटेक, बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी पेशी आणि जनावरांच्या मॉडेलकडे पाहावं. हाडावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या देशातल्या जागांमध्ये लखनौची सीडीआरआय ही केंद्राची औषध संशोधन संस्था पहिली डोळ्यापुढे येते, पालकाच्या अर्कावरचं सांध्यांसाठीचं कामही तिथलंच. बंगळुरूच्या आयआयएससीत सूक्ष्म कणांमधून सांध्यात औषध सोडायचं काम चालते. मुंबई, कानपूर, दिल्लीच्या आयआयटीत बायोमेडिकलचे विभाग आहेत, त्रिवेंद्रमला श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था आहे. मेकॅनिकलवाले सांध्यावर ताण कसा पडते याचं कॉम्प्युटर मॉडेल करू शकतात, त्यासाठी नागपूरला व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, लांब जायची गरज नाही. डॉक्टर, फिजिओ, नर्सिंगवाल्यांना सेवाग्राम, सावंगी मेघे, एम्स नागपूर, आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं. बीएएमएसवाल्यांनी आधी एमडी करा, मग पीएचडी. व्हेटर्नरीवाल्यांना तर नागपुरातच माफसूचं, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं, कॉलेज, कुत्र्यांच्या खुब्याच्या झिजेवर काम करता येते आणि ओझं ओढणाऱ्या बैलांच्या सांध्यांवर तर आपल्या भागातून कोणीतरी करायलाच पाहिजे.

आणि ज्याच्याजवळ लॅबच नाही त्याने काय करावं? अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थरायटिस इनिशिएटिव्हचा डेटा नोंदणी करून फुकट भेटते. ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ लोकांचे गुडघ्यांचे एक्सरे, एमआरआय, दुखण्याच्या नोंदी, वर्षानुवर्षांच्या. स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सवाला पोरगा यवतमाळात बसून त्यावर काम शिकू शकते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्या डेटावर शिकवलेलं कॉम्प्युटरचं मॉडेल आपल्या फ्लोराइडवाल्या गावच्या एक्सरेवर चालते का हे वेगळं तपासावं लागते, आणि ते तपासणं हाही एक विषयच आहे.

हाडाचा तुकडा हातात आला की

गुडघा बदलायच्या ऑपरेशनमध्ये सर्जन नडगीच्या हाडाचा वरचा काप काढून टाकतात. एरवी तो बायोमेडिकल वेस्टमध्ये जाते. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची मराठीतली लेखी संमती असेल तर तोच काप तुमच्या पीएचडीचा सगळ्यात मौल्यवान माल आहे. आपल्याकडे बहुतेक पेशंटचे पाय बाहेर धनुष्यासारखे वाकलेले असतात, त्यामुळे कापाची आतली बाजू पाहिली तर कूर्चा पूर्ण गेलेली, उघडं हाड गुळगुळीत, चकाकतं, बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. बाहेरची बाजू पाहा, तिथे कूर्चा अजून पांढरी, जाडसर, चिमट्याने दाबली तर किंचित दबते. एकाच माणसाच्या एकाच कापात जास्त बिघडलेलं आणि कमी बिघडलेलं हाड, दोन्ही भेटते, म्हणून तुलना त्याच माणसात करता येते.

काम असं करा. सलाइनने धुवा, आतली बाजू कोणती ते शाईने लगेच खूण करून ठेवा कारण काप टेबलावरून उचलल्यावर डावा-उजवा गोंधळ व्हायला वेळ लागत नाही, पट्टी ठेवून फोटो काढा. जनुकांवर काम करायचं असेल तर त्यातला छोटा तुकडा फॉर्मलिनमध्ये अजिबात न टाकता तिथेच लिक्विड नायट्रोजनमध्ये, बाकीचा १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये. मग आधी मायक्रो-सीटी, म्हणजे अगदी बारीक तपशिलाचा सीटी स्कॅन, त्यातून घेतलेल्या भागात प्रत्यक्ष हाड किती, हाडाच्या जाळीचे धागे किती जाड, हे आकडे निघतात. हे झाल्यावरच ईडीटीए नावाच्या द्रावणात टाकायचं, कारण ईडीटीए कॅल्शियम काढून टाकते आणि मग स्कॅनला काही उरत नाही. कॅल्शियम निघायला आठवडे लागतात, द्रावण बदलत राहावं लागते, घाई केली तर ब्लेडखाली काप फाटते. शेवटी सॅफ्रॅनिन-ओ नावाचा रंग लावला की कूर्चा लाल-केशरी दिसते, जिथे लाल रंग फिका पडला तिथे बिघाड. हाड खाणाऱ्या पेशी मोजायच्या असतील तर ट्रॅप स्टेनिंग. मायक्रो-सीटी सगळीकडे नसते, दुसऱ्या संस्थेत पैसे भरून करून घेता येते, म्हणून प्रपोजलच्या बजेटमध्ये ती ओळ पहिल्या दिवसापासून टाका.

उंदरांवर काम असेल तर संस्थेच्या प्राणी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, माणसांवर औषधाची किंवा व्यायामाची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी रजिस्टरवर, नोंदणी. कमिटीच्या बैठका रोज होत नाहीत, कोर्सवर्क चालू असतानाच अर्ज तयार ठेवा.

प्रवेश आणि पैसे

यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे पीजीला ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट. पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर मुदतवाढ. बायांना आणखी दोन वर्षं जास्तीची मुभा आहे आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे, हे घरच्यांना आवर्जून सांगा, कारण "लग्न झाल्यावर कसं होईल" या एका वाक्यावर आपल्याकडे पोरींचं शिक्षण थांबते. कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं. एका प्रोफेसरकडे एकावेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार एवढेच विद्यार्थी बसतात, म्हणून गाइडकडे जागा आहे का हे आधी विचारायचं.

२०२४ पासून नेटच्या निकालावर जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) भेटली नाही तरी पीएचडी प्रवेशाची पात्रता भेटते, त्यात परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. लाइफ सायन्सवाल्यांना सीएसआयआर नेट, शिवाय डीबीटी आणि आयसीएमआरच्या फेलोशिप, इंजिनिअरिंगवाल्यांना गेट, त्यात २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. राज्याच्या संस्था विसरू नका, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी महाज्योती, जिचं ऑफिस नागपुरातच आहे, एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, आदिवासींसाठी टीआरटीआय. जातीचं, वैधतेचं आणि नॉन-क्रीमीलेयरचं कागद जाहिरात यायच्या आधी तयार ठेवा, जाहिरात आल्यावर तहसीलचे चक्कर मारायला सुरुवात केली तर तारीख निघून जाते. आणि कुठलीही फेलोशिप असो, पैसे हातात यायला उशीर होऊ शकते, पहिल्या काही महिन्यांचा मेसचा आणि रूमचा खर्च घरी बोलून ठरवून ठेवा.

बाहेर जायचं असेल तर युरोपातले मेरी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क पाहा, युरॅक्सेस साइटवर जाहिराती येतात, पूर्ण पगार असते, अट एवढीच की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नको. आपण तिथे राहिलेलोच नसतो, म्हणजे ही अट आपल्या बाजूची आहे. नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडनमध्ये पीएचडी म्हणजे नोकरीच, जागेची जाहिरात येते आणि अर्ज करायचा. फिनलंडचं औलू आणि नेदरलँड्सचं रॉटरडॅम ही नावं या विषयात पुन्हा पुन्हा दिसतील. एससी विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे आणि त्यात भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात.

गाइडला मेल कसा करायचा

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" असा एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका, कोणी वाचत नाही. त्या गाइडचा मागच्या दोन-तीन वर्षांतला एक पेपर खरंच वाचा. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, काय शिकले, फेलोशिप आहे की नाही. पुढच्या तीन ओळींत त्या पेपरमधली एक गोष्ट आणि त्यावरून तुम्हाला पडलेला प्रश्न, उदाहरणार्थ तुम्ही उंदराच्या हाडात हे दाखवलं, आमच्या भागात फ्लोराइडवाल्या पाण्यामुळे माणसाचं हाड आधीच दाट असते, तिथे हेच दिसेल का. मग एक ओळ, मी त्या गावांत जाऊ शकतो, लोक ओळखीचे आहेत, भाषा येते. बस. सोबत दोन पानी बायोडेटा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या गाइडकडे वळा.

थिसिस लिहून देतो, पेपर छापून देतो म्हणणारे लोक कॉलेजच्या आसपासच भेटतील, पैसे भरून चार दिवसांत पेपर छापणारी जर्नलही भेटतील. तिकडे फिरकू नका, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थिसिसआधी पेपर छापायची सक्तीसुद्धा राहिलेली नाही, फक्त तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते पाहून घ्या.

आणि गाइडने हो म्हटलं तरी लगेच फॉर्म भरू नका. त्यांच्याकडे सध्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळं भेटा, जमलं तर कँटीनमध्ये, लॅबमध्ये नको. गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, याआधीच्या पोरांना किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं येते, हॉस्पिटलमधून सॅम्पल आणायला कोण जाते, केमिकलचे पैसे कोण भरते हे मोकळेपणाने विचारा, आणि मायक्रो-सीटीचा नंबर लागायला किती महिने लागतात तेही विचारून घ्या.